एक खेळणं, दोन मुलं : बालवाडीतल्या भांडणाचा वैचारिक इतिहास

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. माणूस खल करतो तो साध्याविषयी नाही, साधनांविषयी, असं त्याचं म्हणणं आपण पाहिलं. आज तेच बोट धरून आपण बालवाडीत शिरणार आहोत. काहींना वाटेल, ॲरिस्टॉटल कुठं आणि चार वर्षांचं पोर कुठं! पण खोलीत ट्रक एक आणि मुलं दोन असली की खल करण्याची वेळ येतेच. ती मुलं खल करतात का, करू शकतात का, आणि आपण मोठी माणसं त्यांना तो करू देतो का, एवढाच आजचा विषय. याला इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका सरळ नाही.

फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. रूपक सुंदर आहे, पण त्यात एक अडचण आहे. बागेतली रोपं एकमेकांशी भांडत नाहीत. मूल म्हणजे रोप असं एकदा मानलं की भांडण हे तण ठरतं आणि ते उपटून टाकणं माळ्याचं काम होतं. एकोणिसाव्या शतकातल्या बालशिक्षणावरच्या पुस्तकांत भांडण हा शिस्तीचा विषय म्हणून येतो, विचाराचा म्हणून सहसा येत नाही.

माँटेसोरीबाईंनी इथं एक वेगळी गोष्ट केली. १९०७च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधनाचा वर्गात एकच नग ठेवायचा असतो. गुलाबी मनोरा एक, दट्ट्यांचा ठोकळा एक. पैसे नाहीत म्हणून नव्हे, मुद्दाम. दुसऱ्याच्या हातात वस्तू असेल तर थांबावं लागतं, आणि हे थांबणं कुणी उपदेशाने शिकवत नाही, वर्गाची रचनाच ते शिकवते. 'द ॲब्सॉर्बंट माइंड' या पुस्तकात त्यांनी हे स्पष्ट मांडलं आहे, आणि मुलांच्या आपसातल्या पेचात मोठ्यांनी घाईने हात घालू नये असंही बजावलं आहे. ते पुस्तक अहमदाबादला दिलेल्या व्याख्यानांतून तयार झालं आणि १९४९ साली मद्रासजवळच्या अड्यारहून प्रसिद्ध झालं. म्हणजे हा विचार आपल्या मातीत बोलून झालेला आहे. तो आपण किती ऐकला, ही गोष्ट वेगळी.

माँटेसोरींचा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत आपल्याकडे रुजला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला, पुढे २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या सरकारी योजनेतून तो देशभर गेला. तिथं साधनं कमी होती ती मुद्दाम नव्हे. चिंचोके, खडे, शंख-शिंपले, आसपास मिळेल ते. हा फरक जरा लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता केंब्रिज. जेफ्री पाइक नावाचा एक अफलातून गृहस्थ होता. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या छावणीतून पळून आलेला, दुसऱ्या महायुद्धात बर्फाचं जहाज बांधण्याची योजना इंग्रज सरकारपुढे मांडणारा. त्याला आपल्या मुलासाठी मनाजोगती शाळा हवी होती. ती सापडेना, तेव्हा त्याने स्वतःच शाळा काढायचं ठरवलं आणि चालवणारी व्यक्ती मिळावी म्हणून जाहिरात दिली. त्यातून सुझन आयझॅक्स आल्या आणि १९२४ साली 'मॉल्टिंग हाऊस' शाळा सुरू झाली. आयझॅक्सबाई मूळच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनी, मँचेस्टरला सॅम्युअल अलेक्झांडरच्या हाताखाली शिकलेल्या. आम्हाला याचा थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनी तो चालवून घ्यावा.

या शाळेत मुलांना विलक्षण मोकळीक होती आणि मोठ्यांना एकच महत्त्वाचं काम होतं : मुलं काय बोलतात, काय करतात ते लिहून ठेवणं. १९३३ साली आलेलं त्यांचं 'सोशल डेव्हलपमेंट इन यंग चिल्ड्रन' वाचताना अंगावर येतं, कारण त्यात मुलं गोड नाहीत. ती थुंकतात, धमक्या देतात, दोघांचा गट करून तिसऱ्याला हाकलतात, नवीन आलेल्याविरुद्ध सगळी एक होतात. आयझॅक्सबाईंचं एक निरीक्षण तर कोणत्याही घरात पडताळून पाहता येईल. वस्तूची किंमत अनेकदा वस्तूत नसतेच, ती दुसऱ्याला हवी आहे यात असते. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या खेळण्याला धाकट्याने हात लावला की ते एका क्षणात अनमोल होतं. म्हणजे 'दुसरा ट्रक आणून देऊ' हे उत्तर बरेचदा लागू पडत नाही. भांडण ट्रकसाठी नसतंच मुळी.

याच शाळेत १९२७ साली ज्याँ पियाजे आले होते. लहान मूल आत्मकेंद्री असतं, दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणं त्याला सात-आठ वर्षांच्या आधी नीट जमत नाही, ही त्यांची मांडणी तेव्हा नवी होती. यंत्र कसं चालतं हेही बरंच उशिरा कळतं, असं ते सांगत होते. नेमका तेव्हाच पावणेसहा वर्षांचा डॅन नावाचा एक मुलगा तीनचाकी सायकलीवर बसून पायडल उलटं फिरवत होता. पुढं का जात नाहीस, म्हणून आयझॅक्सबाईंनी विचारलं, तर त्याने पायडल, साखळी, चाक सगळं क्रमवार समजावून दिलं. अर्थात एका डॅनने पियाजे खोटे ठरत नाहीत. पण पियाजेंच्या मांडणीचा व्यवहारात एक परिणाम झाला. मूल दुसऱ्याची बाजू पाहूच शकत नाही असं एकदा ठरलं की त्याच्याशी भांडणाबद्दल बोलण्यात काय अर्थ? वेळ आली की आपोआप येईल. तोवर मोठ्यांनी न्यायाधीश व्हावं.

पाइकने धातूंच्या सट्ट्यात पैसा घालवला, १९२७च्या अखेरीस आयझॅक्सबाई बाहेर पडल्या, १९२९ला शाळा बंद झाली. नंतर त्या काही वर्षं 'अर्सुला वाइज' या टोपणनावाने एका नियतकालिकात पालकांच्या पत्रांना उत्तरं देत असत. मुलं भांडतात, काय करू, ही पत्रं तेव्हाही होतीच.

अमेरिकेत या काळात मोजमापाचं वेड होतं, आणि कधी कधी वेडातूनही चांगलं निघतं. हेलन डॉ या संशोधिकेने १९३४ साली बालशाळेतल्या दोनशे भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भांडण सुरू झालं की घड्याळ लावायचं, थांबलं की बंद करायचं. निघालं काय? भांडण सरासरी अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं! सर्वांत जास्त भांडणं मालकीवरून, म्हणजे 'माझं-माझं'. आणि बहुतेक मुलं लगेच सावरून पुन्हा खेळायला लागली, मनात अढी न ठेवता. आता आपल्या घरातलं चित्र आठवा. स्वयंपाकघरातून आई 'काय चाललंय रे?' म्हणून बाहेर येईपर्यंत यातली निम्मी भांडणं संपलेली असतात. तिच्या येण्याने नवीन सुरू होतं, आणि ते जास्त चालतं, कारण आता दोन पक्षकार आणि एक कोर्ट आहे.

इथून पुढची गोष्ट फिलाडेल्फियाची. आजच्या विषयाचा गाभा तिथं आहे.

जॉर्ज स्पिवॅक हे मानसशास्त्रज्ञ आधी वर्तनाच्या अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलांबरोबर काम करत होते. त्यांना दिसलं की ही मुलं वाईट वागतात ती नेहमी वाईट हेतूने नाही. अडचण आली की त्यांना एकच वाट सुचते आणि ती धरून ती धावत सुटतात. हेच वय उतरवत नेलं तर? फिलाडेल्फियाच्या हानेमान मेडिकल कॉलेजात ते आणि मर्ना शूर यांनी चार वर्षांच्या मुलांवर काम सुरू केलं. त्यामागचं तत्त्वज्ञान पाहायचं तर जॉन ड्यूईचं १९१०चं 'हाऊ वी थिंक' उघडावं. अडचण जाणवणं, ती नेमकी कुठं आहे ते ठरवणं, उपाय सुचणं, त्याचे परिणाम मनात तपासणं, मग करून पाहणं, असे विचाराचे पाच टप्पे ड्यूईने सांगितले होते. ते शाळा-कॉलेजच्या विचारासाठी होते असं आपण समजत होतो. शूर आणि स्पिवॅक यांनी ते वाळूच्या हौदात नेले.

त्यांची चाचणी साधी होती. मुलाला चित्र दाखवायचं : या मुलाजवळ ट्रक आहे, त्या मुलाला तो खेळायला हवा आहे, तो काय करू शकेल? एक उत्तर आलं की चित्र बदलायचं, नवी मुलं, नवं खेळणं, म्हणजे मूल कंटाळत नाही, आणि वेगळी युक्ती विचारायची. दुसऱ्या भागात मुलाच्या हातून आईची वस्तू मोडली आहे, ती रागावू नये म्हणून काय करता येईल? गुण कशाला? तर किती वेगवेगळे उपाय सुचले त्याला. 'मागेन', 'थांबेन', 'माझी गाडी देऊन त्याचा ट्रक घेईन', 'बाईंना सांगेन', आणि हो, 'मारेन' आणि 'हिसकावेन' यांनाही गुण! उपाय चांगला की वाईट हे पाहायचंच नाही.

आपल्या कानांना हे चमत्कारिक वाटतं. पण जरा बघा, आपल्या नीतिशास्त्राने राजाला चार उपाय सांगितले, साम, दाम, दंड, भेद. मागणं हा साम, अदलाबदल हा दाम, फटका हा दंड, आणि 'मग मी तुझ्याशी कट्टी!' हा शुद्ध भेद. चाणक्यानेही राजाला कोणते सुचतात ते आधी पाहिलं असतं, कोणता वापरावा हे नंतर.

निष्कर्ष असा निघाला : ज्यांना शिक्षक समंजस म्हणत, त्या मुलांनाही 'मारेन' सुचत होतंच. फरक हा की त्यांना आणखीही काही सुचत होतं. मारकुट्या, उतावळ्या मुलांना कमी वाटा सुचत होत्या. आणि, इथं आम्हाला थांबावंसं वाटतं, ज्यांना सगळे 'गुणी बाळ' म्हणतात, जी हू की चू करत नाहीत, हातातलं कुणी घेतलं तर घेऊ देतात, त्या बुजऱ्या मुलांनाही कमी वाटा सुचत होत्या. आपल्याकडे अशा मुलाचं कौतुक होतं. तो भांडत नाही म्हणजे त्याला कळतं, असं आपण धरून चालतो. पण न भांडणं आणि प्रश्न सोडवता येणं या दोन गोष्टी आहेत. मारणारं मूल निदान लक्षात येतं, त्याच्या तक्रारी घरी जातात. गप्प मुलाचा पेच कुणाच्या वहीत नोंदला जात नाही.

या कामाचा काळही पाहिला पाहिजे. ही मुलं फिलाडेल्फियाच्या गरीब वस्त्यांतली कृष्णवर्णीय मुलं होती. १९६५ साली 'हेड स्टार्ट' योजना सुरू झाली होती आणि या मुलांच्या घरात भाषाच नाही, संस्कृतीच नाही, असं विद्वान सर्रास लिहीत होते. १९६९ साली आर्थर जेन्सनचा लेख आला, त्याचा सूर असा की बुद्ध्यांक बराचसा आनुवंशिक आहे आणि असल्या योजना फसल्या आहेत. त्या धुमश्चक्रीत स्पिवॅक आणि शूर सांगत होते की उपाय सुचण्याचं हे कौशल्य निव्वळ बुद्ध्यांकावर अवलंबून नाही आणि ते शिकवता येतं. तेही तज्ज्ञांनी नव्हे, त्याच बालवाडीच्या बाईंनी, रोज वीसेक मिनिटं, सुमारे तीन महिने.

आणि शिकवलं काय? मंडळी, आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. बी.ए.च्या मुलांना नकार, विकल्प, सोपाधिक विधान समजावताना घसा कोरडा पडला. या लोकांनी चार वर्षांच्या मुलांना नेमकं तेच शिकवलं! सुरुवात भांडणाने नाही, शब्दांनी. 'आहे' आणि 'नाही'. 'आणि', 'किंवा'. 'काही' आणि 'सगळे'. 'सारखं' आणि 'वेगळं'. 'आधी', 'नंतर'. मग 'जर-तर', 'का-कारण', 'कदाचित'. आधी खेळ म्हणून : हा मुलगा आहे, ही खुर्ची नाही, मी टाळी वाजवतेय, मी उडी मारत नाहीये, आता सारखं करा, आता वेगळं करा. मुलं हसत, चुका करत. मग भावनांचे शब्द : आनंदी, दुःखी, रागावलेला. आणि मग एक दिवस खरं भांडण होई तेव्हा हे शब्द हाताशी असत. मारणं आणि लाथ घालणं सारखं आहे की वेगळं? मारणं आणि मागणं? मारलंस तर पुढं काय होईल? याहून वेगळं काही सुचतंय?

'वेगळं' हा शब्द खेळात शिकलेला असल्यामुळे मुलाला तो दटावणीसारखा वाटत नाही, खेळासारखा वाटतो. सगळी खुबी यात आहे. 'काही-सगळे'चंही तसंच. प्रत्येक मुलाला सगळं आवडत नाही, काहींना आवडतं, काहींना नाही, हे कळलं तरच समोरच्याला काय आवडतं ते विचारावंसं वाटतं. पियाजेंनी वाट पाहायला सांगितलेली दुसऱ्याची बाजू इथं 'काही' या एका शब्दातून आत आली. मराठीत हे करायचं तर 'कदाचित' शिकवायचीही गरज नाही. आपलं क्रियापदच ते काम करतं : रडेल, रागावेल, देईलही. दोन-अडीच वर्षांचं मूल हे रूप वापरतं. आपण मात्र त्याच्याशी बोलताना ते फारसं वापरत नाही. आपली क्रियापदं आज्ञार्थी असतात : दे, सोड, सॉरी म्हण, गप्प बस.

शूरबाईंनी मोठ्यांच्या बोलण्याच्या पायऱ्या लावल्या आहेत. खालची पायरी हुकमाची आणि शिक्षेची. तिच्या वर काय करायचं ते सांगणं : 'हिसकावू नको, माग त्याच्याकडे.' तिच्या वर कारण देणं : 'मारलंस तर त्याला लागतं, मग तो तुझ्याशी खेळणार नाही.' सुशिक्षित पालक या पायरीवर पोचले की त्यांना धन्य वाटतं. पण शूरबाई म्हणतात, इथंही विचार मोठ्या माणसानेच केला. मुलाने फक्त ऐकला, आणि दहाव्यांदा ऐकताना तोही नाही. चौथ्या पायरीवर तेच सगळं प्रश्नांत येतं. यात सॉक्रेटिस दिसतो का? आम्हाला दिसतो. फरक इतकाच की सॉक्रेटिसला उत्तर चुकीचं निघाल्याचा आनंद व्हायचा, इथं तो दाखवायचा नाही.

शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मिळून दोनशेहून अधिक मुलांची तुलना झाली. शिकवलेल्यांना जास्त वाटा सुचू लागल्या, उतावळेपणाही कमी झाला, बुजरेपणाही कमी झाला, आणि पुढच्या वर्षी वरच्या वर्गात, नवीन बाईंच्या हाताखाली, फरक टिकलेला दिसला. नंतर हेच आयांना शिकवून घरी करून पाहिलं गेलं.

पण इतिहास इथं संपला तर तो जाहिरात ठरेल. पुढच्या काही संशोधकांनी हाच प्रयोग दुसरीकडे केला तेव्हा मुलांना उपाय जास्त सुचू लागले, पण वागणं बदललेलं दिसलं नाही. काहींच्या मते संख्येपेक्षा गुणवत्ता महत्त्वाची. केनेथ डॉजने १९८०नंतर दाखवलं की भांडखोर मुलांची, त्याची मुलं शाळकरी होती, गडबड त्याही आधी होते. धक्का चुकून लागला की मुद्दाम, हे स्पष्ट नसताना ती 'मुद्दाम' असं धरतात. प्रश्नच चुकीचा वाचला तर उपाय दहा सुचून काय उपयोग?

आणि ॲरिस्टॉटल तर आधीच बसलेला आहे. नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात तो चतुराई आणि विवेक यांत फरक करतो. ठरलेल्या साध्यापर्यंत पोचण्याचं कसब ती चतुराई, साध्य चांगलं असेल तर ती स्तुत्य, नाहीतर लबाडी. ट्रक कसा मिळवायचा याच्या सात वाटा सांगणारं मूल चतुर आहे, यात शंका नाही. पण ट्रक मिळालाच पाहिजे का, हे त्या चित्रात कुणी विचारलेलं नाही. आमच्या मते शूर-स्पिवॅक यांच्या चाचणीची ही खरी मर्यादा आहे. त्यांच्या वर्गाची मात्र नाही. 'त्याला कसं वाटेल?' हा प्रश्न रोज विचारला गेला की साध्यही हळूहळू बदलतं. मला ट्रक हवा, इथून आम्हा दोघांना खेळायचंय, इथपर्यंत. चाचणीपेक्षा वर्ग शहाणा निघाला असं आम्ही म्हणू. शिक्षणात हे बरेचदा होतं.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. माँटेसोरींच्या वर्गात एकच मनोरा असतो, कारण बाकी सगळं भरपूर असतं. थांबणाऱ्या मुलाला दुसरं काहीतरी हाताशी असतं, आणि आपली पाळी येणार याची खात्री असते. पंचवीस मुलं, एक फुटका ट्रक, आणि बाईंना पोषण आहाराच्या नोंदींतून वर बघायला फुरसत नाही, अशा खोलीतल्या भांडणाला मुलाच्या विचारकौशल्याचा प्रश्न म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे. त्याला कदाचित सहा वाटा सुचत असतील. पाळीची वाट पाहिली तर पाळी येते, हा त्याचा अनुभव नसेल तर 'थांबेन' हे उत्तर तो शहाणपणानेच टाळतो. फिलाडेल्फियाच्या त्या वस्तीतल्या मुलांबद्दलही हे विचारायला हवं होतं, आणि पुरेसं विचारलं गेलं नाही असं आमचं मत आहे. खेळणी किती आणि मुलं किती, हे मोजायला कुठली चाचणी लागत नाही.

पुढच्या वेळी मॅथ्यू लिपमन. १९६९ साली या तत्त्वज्ञाच्या प्राध्यापकाने तर्कशास्त्र मुलांच्या कादंबरीत लिहायला घेतलं, आणि तेही फिलाडेल्फियापासून फार लांब नाही, शेजारच्याच राज्यात. आता प्रश्न घेऊ.